मिठाच्या दोन विटा

प्रिय ऑरिन,

शेवटच्या खडकावर मी कोपरं टेकून स्वतःला वर ओढलं आणि तशीच पालथी पडून राहिले. गुडघा वाजला. तू असतास तर म्हणाला असतास, अर्डिथ, तुझ्या गुडघ्याने दरीतली घुबडं उठतील. श्वास जागेवर आला तशी तुझी दुर्बीण डोळ्यांना लावली, तीच, काळ्या चिकटपट्टीने बांधलेली. खाली वाळुंजाच्या झऱ्यावर, तुझ्या सपाट दगडाशेजारी, आपला बोकड डीकन उभा होता. पाठीवर खोगीर, दोन्ही बाजूंच्या थैल्या भरलेल्या, मान ताठ. तू त्याचं ओझं जिथे उतरवायचास, अगदी तिथेच. तो चरत नव्हता, इकडेतिकडे बघतही नव्हता. कोणीतरी येऊन ओझं उतरवील म्हणून थांबला होता.

मी आधी हसले. हे आत्ताच लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिताना ते राहून जाईल. सकाळपासून आम्ही त्याच्यासाठी दरी पालथी घालत होतो आणि हा आपला कामावर हजर. मी रेडिओवर पार्कच्या ब्रिनला म्हटलं, सापडला. ती वरच्या अंगाने, पूर्वेच्या कड्यावरून येत होती. तिने विचारलं, एकटाच आहे ना? मी म्हटलं, एकटाच. ती म्हणाली, सुटलो बाई. मग म्हणाली, या म्हाताऱ्याला घरी नेऊन मी स्वतः त्याच्या फाटकाला कुलूप लावणार आहे, आणि किल्ली तुमच्याकडे देणार नाही. तिचं बरोबर होतं. फाटकाची कडी तो ओठाने उचलतो हे मला माहीत आहे. वरून साखळी अडकवायची असते, हेही माहीत आहे.

फोटो तुला मिळाला ना? हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरच्या त्या गृहस्थांना दाखवलास का? बोकड एकटा सामान घेऊन तळावर पोचतो यावर त्यांचा विश्वास बसत नाही, म्हणून खोगीर घातलेला फोटो हवा, असं तू फोनवर म्हणालास तेव्हा तुझा आवाज किती दिवसांनी तुझ्यासारखा वाटला. मी लगेच खोगीर उतरवून पुसलं. थैल्या रिकाम्या ठेवल्या असत्या तर तू ओरडला असतास, रिकाम्या थैल्यांचा बोकड म्हणजे सुट्टीवर गेलेला पोस्टमन. आणि दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं, हे तुझं पाठ करून घेतलेलं. पडवीत जनावरांनी चाटायच्या मिठाच्या नव्या विटा पडल्या होत्या, त्या एकेक दोन्हीकडे टाकल्या. डीकन असा उभा राहिला की मला वाटलं, आता चर्चमधल्या पोरांसारखा रांगारांगांतून फिरून भाकरीचं ताट पुढे करील. त्या पोरांना डीकन म्हणतात म्हणूनच तू त्याचं हे नाव ठेवलंस, आणि बिशप हसले नाहीत म्हणून तुला किती आनंद झाला होता.

फोटो काढला आणि घरात फोन वाजला. तुझे डॉक्टर होते. ते काय म्हणाले ते त्यांनी तुलाही सांगितलंय, म्हणून इथे लिहीत नाही. मी फोन खाली ठेवला आणि बसून राहिले. चुलीवरचं पाणी आटलं. नंतर मी भांडं घासलं, दिवा मालवला, आणि झोपायला गेले. बोकडाच्या पाठीवर खोगीर आहे आणि फाटकाला साखळी नाही, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

त्याच्या डोक्यात मात्र होतं. ऑरिन, त्याने इतक्या वर्षांत खोगीर घातलं नव्हतं. माझा समज होता, विसरला असेल. पण पाठीवर वजन आलं, दोन्ही बाजूंना सारखं, पट्टा आवळला गेला. त्याला वाटलं, तळ पडलाय. तू वर आहेस आणि तुला सामान हवंय. सकाळी फाटक उघडं होतं आणि कोरड्या नाल्याच्या वाळूत त्याच्या खुरांची रांग सरळ पार्कच्या कुंपणाखालून आत गेलेली. कुठे रेंगाळला नाही, वाटेतल्या झुडपांची एक फांदीसुद्धा तोडलेली नाही. ओझं असलं की तो खात नाही, हे तूच लावलेलं वळण.

मी ब्रिनला फोन केला. दुसऱ्या कोणाला केला नाही. ती गाडीतून उतरली तेव्हा तिच्या खांद्यावर बंदूक होती. आम्ही दोघींनी बंदुकीकडे पाहिलं आणि तिच्याबद्दल एक शब्द बोललो नाही. मी खिशात गोड बिस्किटं घेतली होती, त्याची मजुरी. वाटेत ब्रिन म्हणाली, तो हाकेला येईल ना? मी म्हटलं, ओझं असताना तो माझ्या बापाच्या हाकेलाही यायचा नाही.  मग मी माझ्या मनाशी समजूत घातली की घरी परतताना कदाचित नुसतं खोगीर असेल. ती तयारी मी ठेवली होती, तुला खरं वाटो न वाटो. दरीतल्या रानमेंढ्यांच्या आणि त्याच्या मधला रस्ता संपायच्या आत आम्हाला पोचायचं होतं, एवढंच सकाळभर डोक्यात.

दरी सुंदर होती. हे तुला चालेल ना मी लिहिलेलं? कॉटनवुडची झाडं पिवळी झालीत, खालची अजून हिरवी आणि वळणापुढची सगळी पिवळी. तुझा तो छोटा पक्षी, ज्याचं गाणं जिन्यावरून गडगडत खाली आल्यासारखं वाटतं, तो अरुंद जागेत ओरडत होता. चिखलात रानमांजराचा पंजा होता, ताजा, कडा अजून ओल्या. ब्रिनने सवयीने मापपट्टी काढली आणि परत खिशात घातली. एका वळणावर हरणी उभी होती आणि आमच्याकडे बघत पाला चघळत राहिली. एरवी आपण अर्धा दिवस तिथेच घालवला असता. तू मला शिकवायचास, दगड शोधू नकोस, पांढरा ठिपका शोध, आणि तो ठिपका कान हलवतो का बघ. मी प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याला हात जोडत होते की कान हलवू नकोस. रानमेंढी दिसू नये म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच त्या वाटेने चालले.

तुला तो उन्हाळा आठवत असणार. पलीकडच्या दरीत कोणाच्या तरी पाळीव शेळ्या शिरल्या होत्या, त्यांच्या नाकातला रोग रानमेंढ्यांना लागला आणि नंतर दरीच्या सगळ्या भिंतींमधून खोकल्याचा आवाज यायचा. तू रोज संध्याकाळी येऊन बाहेरच्या नळावर खूप वेळ हात धूत बसायचास. त्या साली तिकडे एक पिलू जगलं नाही. मी जेवण वाढायचे आणि तू ताटाकडे बघायचास. मग गावच्या सभेत तू उठलास आणि म्हणालास, नाकाला नाक लागलेली एक मेंढी परत वर गेली तरी अख्खा कळप मरतो, दरीत बोकड नको, माझेही नको. सगळे हसले. कोणीतरी मागून म्हणालं, ऑरिन, उद्या कुत्र्यांवरही बंदी घालशील, मग तुझं ऐकायला कोण उरेल? तू म्हणालास, बहीण आहे की घरात, तीही कधी ऐकत नाही, त्यामुळे मला फरक पडायचा नाही. मी तोंड फिरवून हसले होते. त्या हिवाळ्यात तू एकेक बोकड देऊन टाकलास. डीकनला ठेवलंस, म्हणालास, हा म्हातारा आहे, हा अंगणातच मरेल.

तर मी खडकावर होते. ब्रिन वरून खाली उतरायची वाट शोधत होती. मी दुर्बीण डीकनवरून हलवून कड्यातल्या वरच्या पायऱ्या पाहिल्या, तुझ्या सवयीने, डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ. पांढरा ठिपका दिसला. त्याने कान हलवला. मग दुसरा. वरच्या काळ्या पट्ट्यावर कळप बसला होता, सावलीत, रवंथ करत. आणि त्यांच्यातून एकटी उतरून एक मेंढी झऱ्याकडे निघाली होती, मागे हे एवढं पिलू. गळ्यात रेडिओचा पट्टा. डावा कान फाटलेला. मला दुर्बिणीची गरज नव्हती. टोलमनबाईंची चाल मी चर्चच्या पायऱ्यांवरूनही ओळखली असती.

या मेंढ्या दरीत पहिल्यांदा सोडल्या तेव्हा ट्रकच्या पेटीचं दार तूच उघडलं होतंस. बाकीच्या बाहेर पडल्या आणि पळाल्या. ही एकटी फळीवर थांबली आणि नाकावरून आमच्या सगळ्यांकडे बघत राहिली, गृहपाठ न केलेल्या वर्गाकडे बघावं तशी. तू माझ्या कानात म्हणालास, अर्डिथ, आपल्या शाळेतल्या टोलमनबाई परत आल्या. मी पन्नाशीची बाई, त्या अधिकाऱ्यांसमोर तोंडावर रुमाल धरून उभी. मग दरवर्षी तिला पिलू. एखाद्या साली पिलू जगलं नाही तरी ती झऱ्यावर आली, पुढच्या वर्षी पुन्हा पिलू. तिचा पट्टा बदलायचा होता तेव्हा ब्रिन नवीन होती, ती घाईघाईने जुना पट्टा ओढत होती आणि तू टोलमनबाईंचं डोकं मांडीवर घेऊन, डोळ्यांवर फडकं बांधून, तिला चर्चमधलं गाणं ऐकवत बसला होतास. ब्रिनला म्हणालास, पोरी, तिला घाई नाहीये, तुलाच आहे. ब्रिन ते अजून सगळ्यांना सांगते. तिच्या हाताखाली आता जी मुलं येतात त्यांनाही ती तसंच म्हणते, पोरा, घाई तुला आहे.

मी ओरडले. ऑरिन, मी फुप्फुसं फाटेपर्यंत ओरडले. तिथून आवाज खाली जात नाही हे तुला माहीत आहे, समोरची भिंत तो घेते आणि स्वतःशीच ठेवते. दगड फेकला, तो अर्ध्यातच झुडपात अडकला. रेडिओवर ब्रिनला म्हटलं, लवकर, ती उतरतेय. ब्रिन म्हणाली, मी कड्यावर आहे, मला झरा दिसतोय पण झाडांमागचा भाग दिसत नाही, तुम्ही बघत राहा. मी बघत राहिले. दुसरं काय करणार होते?

टोलमनबाई पाण्यापाशी आल्या. प्यायल्या. मग मान वर करून त्यांनी हवा हुंगली. मिठाचा वास मेंढीला किती लांबून येतो ते तू मला सांगितलं होतंस, मी विश्वास ठेवला नव्हता. त्या डीकनकडे गेल्या. पिलू लांबच थांबलं, झाडामागे, ते त्याला घाबरलं होतं. डीकन हलला नाही. ओझं होतं ना. तिने थैलीत तोंड घातलं आणि वीट चाटायला लागली. खूप वेळ चाटत होती, डोळे मिटून. मग बहुतेक त्याला कोणाची तरी सोबत झाली असं वाटलं असावं. त्याने मान वळवली. तिने थैलीतून तोंड काढलं. दोघांची नाकं एकमेकांना लागली आणि तशीच राहिली. म्हातारे लोक बाकावर शेजारी शेजारी बसतात ना, तशी. दुसऱ्या कोणी पाहिलं असतं तर फोटो काढला असता.

ते मी एकटीने पाहिलं. ब्रिनच्या आणि त्यांच्या मधे झाडं होती.

रेडिओ खरखरला. ब्रिन म्हणाली, अर्डिथ, आता मला ती दिसतेय, ती वर निघालीय. जवळ गेली होती का? मी बटण दाबून धरलं आणि काही बोलले नाही. ती पुन्हा म्हणाली, अर्डिथ? तुम्ही ऐकताय ना? टोलमनबाई पहिल्या पायरीवर चढल्या होत्या. पिलू मागे. वर कळपातली एक मेंढी उठून उभी राहिली आणि खाली बघायला लागली. मला तुझे हात आठवले, नळाखालचे. मला तुझी मांडी आठवली, तिचं डोकं असलेली. मी मनात तुला विचारलं आणि तू काय म्हणशील ते मला इतकं स्पष्ट माहीत होतं की मला तुझा राग आला. एकदा तरी तू दुसरं काही म्हणायला हवं होतंस.

मी सांगितलं. म्हटलं, नाकाला नाक लागलंय. ब्रिनने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. मग तिने विचारलं, पिलाचं? मी म्हटलं, नाही, पिलू झाडापाशी होतं, ते जवळ आलं नाही. हे खरं आहे. तुझी शपथ, ते खरं आहे, मी ते पुन्हा पुन्हा आठवून पाहिलंय.  मग ब्रिन म्हणाली, अर्डिथ, तुम्ही दुर्बीण खाली ठेवा. मी ठेवली नाही. तू ठेवली नसतीस.

गोळीचा आवाज भिंतीभिंतींवरून फिरत राहिला. वरचा कळप पट्ट्यावरून पलीकडे गेला. पिलू त्यांच्या मागे थोडं धावलं, थांबलं, आणि परत आलं. डीकन थरथरला, पण दगड सोडून गेला नाही. त्याच्या पाठीवर अजून ओझं होतं.

मी खाली उतरले, कशी ते मला आठवत नाही, गुडघ्याची सालं निघाली आहेत एवढं खरं. त्याच्यापाशी गेले. पट्टा सोडला, थैल्या उतरवल्या, खोगीर दगडावर ठेवलं, तू ठेवायचास तसं, त्याचा खुंट वर. त्याने सुस्कारा सोडला आणि कपाळ माझ्या पोटावर टेकवलं. मी त्याला बिस्किटं दिली. त्याने सगळी खाल्ली. मग माझ्या मागे बघितलं, वाटेकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा वाटेकडे. मी त्याला म्हटलं, तो आला नाही रे. मोठ्याने म्हटलं. दरीत दुसरं कोणी नव्हतं आणि ते म्हटल्यावर मी त्याच्या मानेला धरून उभी राहिले. डॉक्टरांच्या फोननंतर मी रडले नव्हते. ते तिथे झालं.

ब्रिन टोलमनबाईंपाशी बसली होती. पट्टा काढून तिने मांडीवर घेतला होता. तिने मला विचारलं, अंकल ऑरिनना कोण सांगणार? मी म्हटलं, मीच. ती म्हणाली, मी सांगू का, गोळी माझी होती. मी म्हटलं, डोळे माझे होते. मग ती म्हणाली, त्यांनी मला शिकवलं नसतं तर माझा नेम चुकला असता. आणि ती हसली, आणि मग हसता हसता तोंड झाकून बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पोर अजून तिशीची नाही. पिलू वरच्या पायरीवरून आमच्याकडे बघत होतं. नाकावरून.

परत येताना वाटेत एक मोठा केसाळ कोळी आडवा आला, या दिवसांत ते जोडीदार शोधत भटकतात तसा, एकेक पाय विचार करून टाकत. ब्रिन थांबली. मी थांबले. डीकनही थांबला. कोळी वाट ओलांडून दगडाआड जाईपर्यंत आम्ही तिघं उभे होतो आणि कोणालाच पुढे जायची घाई नव्हती. बंदूक ब्रिनच्या खांद्यावर, खोगीर माझ्या. मी ते डीकनच्या पाठीवर घालू दिलं नाही.

डीकन बरा आहे. रविवारी मी तुला फोनवर हेच सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. तो खातो, शेजाऱ्यांच्या कुंपणावर पाय ठेवून त्यांच्या कुत्र्याला चिडवतो. त्याच्या नाकातला नमुना ब्रिनने तपासायला पाठवला होता. प्रयोगशाळेतून तिला फोन आलाय. ती मला सांगायला आली होती, दारात उभी राहिली, आणि मी म्हटलं, नको. त्याच्या नाकात तो रोग असेल तर आपण योग्य केलं, आणि नसेल तर, ते ऐकून मी काय करू? तुला हवं असेल तर तू तिला विचार. तुझा तो हक्क आहे. पण मला सांगू नकोस.

त्या दोन विटा मी परत आणल्या. एक अजून दुकानातून आणल्यासारखी चौकोनी आहे. दुसरीला एका बाजूने खोबण पडलीय, गुळगुळीत, जिभेच्या रुंदीची. त्यांचं वजन आता सारखं राहिलेलं नाही. दोन्ही स्वयंपाकघराच्या खिडकीत आहेत. मला त्या पडवीत ठेवाव्याशा वाटल्या नाहीत.

बाकी घर ठीक. तुझी खोली मी खालच्या मजल्यावर केली आहे, पुढची, जिथून कडा दिसतो. खाट हॉस्पिटलने पाठवली, ती आणणाऱ्या मुलांनी भिंतीला दोन ठिकाणी ओरखडे काढले, तू आल्यावर त्यांच्या नावाने बोटं मोडायला तुला विषय मिळेल. शेजाऱ्यांनी आधीच इतके डबे दिलेत की फ्रीजचं दार लागत नाही, सगळ्यांत बटाटेच. जोलीन म्हणते, बाबांना जेवण फारसं जात नाही. मी म्हटलं, तू फक्त आण त्यांना, जेवणाचं मी बघते.  तुझी मुलगी तुझ्यासारखी आहे, न बोलता खूप वेळ फोन धरून ठेवते.

आता का लिहिलं ते. रविवारी तू विचारलंस, टोलमनबाई दिसली का, आणि मी म्हटलं, दिसली, पिलू घेऊन झऱ्यावर आली होती.  मग म्हणालास, अर्डिथ, घरी आलो की मला डबे नकोत, बिशप नकोत, प्रार्थना सावकाश होईल. खिडकीपाशी तिपाईवरची दुर्बीण लाव आणि तिला शोधून दे, मला तिला एकदा बघायचंय, मग डॉक्टर म्हणतील ते होऊ दे. मी हो म्हटलं. फोनवर मी दुसरं काही म्हणू शकले नाही, तुझ्या शेजारी ते गृहस्थ असतील, नर्स असेल, तू त्या खाटेवर असशील. आणि तू घरी आलास, दुर्बिणीला डोळा लावलास, डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ, आणि मी शेजारी उभी राहून तुला शोधू दिलं, असं माझ्याने होणार नाही. तू सापडेपर्यंत शोधशील. तुझ्याकडे आता तेवढे दिवस नाहीत. म्हणून हे पत्र मी जोलीनकडे पाठवतेय. अर्ध्या वाटेवर पेट्रोलपंपाशी, जिथे तू नेहमी गाडी थांबवून मिल्कशेक घेतोस, तिथे ती तुला हे देईल आणि स्वतः बाहेर उभी राहील. तिथे वाच. माझ्यावर रागवायचं असेल तर तिथून घरापर्यंतच्या रस्त्यात रागावून घे. रडायचं असेल तरी. फाटकाशी मी असेन, डीकन असेल, आणि त्याला साखळी लावलेली असेल. त्याला तुझी वाट बघायची सवय आहे. मलाही.

तुझीच,
अर्डिथ

ता. क. हे लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझी दुर्बीण खिडकीत लावली. ऊन कड्यावर आल्यावर कळप पाण्याला उतरला. पिलू त्यांच्यात होतं, सर्वांत मागे. ते प्यायलं. मी ते सगळे परत वर जाईपर्यंत डोळा लावून बसले होते. कोणी खोकलं नाही.